पडवीतले चार दिवस

(भाट्ये, रत्नागिरी, १९८४. शिमगा होऊन महिना झालेला. नसीमाच्या घराची मागची खोली, सकाळची वेळ. फडताळावर काचेची नळी उभी, तिच्याखाली छोटा आरसा.)

नसीमा: हात नको लावूस, तुळसा. लांबूनच बघ.

तुळसा: कुठे लावतेय? धूळ दिसली म्हणून पुढे झाले.

नसीमा: धूळ राहू दे. नळी हलली तर सगळं फुकट. डब्यात दोनच होत्या. एक माझ्या धाकट्याच्या वेळी गेली, ही शेवटची.

तुळसा: अजून किती वेळ, भाबी?

नसीमा: मोठा काटा एक फेरा मारून आला. अजून एक. आरशात तपकिरी कडं दिसलं तर दिवस गेलेत, नाही दिसलं तर नाही.

तुळसा: हे तुला शिकवलं कुणी?

नसीमा: यांनी. कुवेतहून कॅसेटवर बोलून पाठवलं. 'सकाळची पहिलीच लघवी घे' म्हणाले आणि तिथेच टेप बंद केलेली. मग खाकरून परत सुरू. आणि इथे माझी सासू शेजारी बसून ऐकतेय.

तुळसा: हसवू नको गो. नळीला धक्का लागायचा.

नसीमा: सासूच्या नजरेतून बाटली आणलीस कशी?

तुळसा: ओल्या काजूंच्या टोपलीत, तळाशी. आत्याला सांगितलं, नसीमाभाबीला काजू देऊन येते. त्या दिवशीच करू दिलं असतंस तर कधीच सुटले असते. परत पाठवलंस मला.

नसीमा: तेव्हा तारीख टळून पाच दिवस झालेले. इतक्या घाईने केलं तर असूनही नाही दाखवतं. आठ-नऊ दिवस तरी वर जाऊ द्यावे लागतात. नळी वाया गेली असती, आणि तू खोट्यावर विसंबून राहिली असतीस.

तुळसा: नाहीच दाखवू दे.

नसीमा: असं का बोलतेस? लग्नाला पाच वर्षं झाली. वाट बघतेस ना?

तुळसा: बघते.

नसीमा: मग?

तुळसा: शिमग्याची पालखी नाचली आणि दोन दिवसांत हे मुंबईला गेले. माझी तारीख त्यानंतरची. आली नाही.

नसीमा: बरंच झालं की.

तुळसा: मी बाहेर बसले, भाबी.

नसीमा: पाळी न येताच?

तुळसा: न येताच. चार दिवस मागच्या पडवीत. वेगळं ताट, वेगळं कांबळं, सगळं.

नसीमा: या अल्ला. कशासाठी?

तुळसा: गेल्या साली काय झालं आठव. मी बसले नाही म्हणून आत्याने ओळखलं. वाडीभर नारळ वाटले, वेळणेश्वराला नवस बोलून आली. आणि मग महिना उलटल्यावर पाळी आली ना मला. विहिरीवर गेले की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. म्हटलं, यंदा खात्री होईपर्यंत कुणाला कळूच द्यायचं नाही.

नसीमा: आणि आता कडं दिसलं तर?

तुळसा: नवरा गेल्यावर तुळसा बाहेर बसली होती, हे सगळ्या वाडीने पाहिलंय. शेजारची जनीकाकी तर रोज लांब उभी राहून गप्पा मारून जायची. मग पोट कुणाचं म्हणतील?

नसीमा: शिवाभाऊंना खरं कळव.

तुळसा: गावची निम्मी माणसं त्यांच्याच खोलीवर राहतात. माझं कळवणं पोचेपर्यंत त्यांनी काय काय ऐकलेलं असेल.

नसीमा: ती मूठ उघड बघू.

तुळसा: काही नाही तिच्यात.

नसीमा: मघापासून आवळून बसलीस. उघड.

तुळसा: बाजारातल्या एका औषधवाल्याने दिल्यात. दोन गोळ्या. नसलं तर पाळी येईल म्हणाला.

नसीमा: आणि असलं तर?

तुळसा: तरी येईल कदाचित, म्हणाला.

नसीमा: पोटातल्याला काय होईल ते विचारलंस?

तुळसा: नाही विचारलं.

नसीमा: दे इकडे. दे म्हणते ना. हां, आता या माझ्याकडेच राहतील.

सखू: हायस का गो नसीमा घरात? काजू द्यायला येवढा वेळ लागतो आमच्या सुनेला?

नसीमा: या मावशी. जपून या, त्या फडताळाला धक्का नको.

सखू: न्हाय लावत. काय हाय त्ये?

नसीमा: ते यांनी पाठवलंय. औषधाचं आहे.

तुळसा: राहू दे, भाबी. आत्या, मी खोटी बसले होते पडवीत.

सखू: ठावं हाय मला.

तुळसा: कसं?

सखू: चार दिस बसलीस, पण मागच्या दोरीवर एक फडकं वाळत पडलं न्हाय. म्हातारी झाले, आंधळी न्हाय झाले.

तुळसा: मग बोलली का नाहीस?

सखू: गेल्या साली मीच बोलत सुटले व्हते. नारळ मी वाटले, आणि तोंड लपवून फिरलीस तू. म्हटलं, सांगायचं तवा सांगेल.

तुळसा: लोक काय म्हणतील, आत्या? जनीकाकी?

सखू: जनीला मी सांगेन. शिवा गेला तवाच पोरीला दिस गेले व्हते, नजर लागू नये म्हणून माझ्या सांगण्यावरनं बसली म्हणेन. मंग माझ्या तोंडावर कोण बोलतं ते बघते.

नसीमा: मावशी, काटा आला जागेवर. तुळसा, ये, बघ.

तुळसा: मला नाही बघवत. आत्या, तू बघ.

सखू: मला काय कळतंय त्यातलं? आरसा हाय. आरशात कडं हाय, नथीयेवढं.

नसीमा: रंग कसला?

सखू: सुकल्या सुपारीसारखा.

नसीमा: ऐकलंस, तुळसा?

तुळसा: आत्या, नारळ वाटशील?

सखू: न्हाय. यंदा तू सांगशील तवा. डोळे पूस. आणि त्ये काजू दे आधी तिला, मघापासनं टोपलीतच हायत.