वरच्या फळीवरचा डबा

हाडांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंचे कान, नको नको म्हणताना, शेजारच्या मायलेकांकडे लागले होते. म्हातारीचा हात प्लॅस्टरमध्ये होता.

"डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, मणके दबून उंचीसुद्धा कमी झालीय. आई, तुला कळलं कसं नाही?"

"कळलं की. वरच्या फळीवरचा डबा हाताला येईना."

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस! वेळेत गोळ्या सुरू झाल्या असत्या."

"सांगितलं होतं रे."

"कुणाला?"

"तुलाच. तू लगेच स्टूल आणून दिलंस."

"आई, हळू बोल. लोक ऐकतायत."

शिंपीणबाईंनी झटकन नजर घड्याळाकडे वळवली.

"पोरानं आणलेलं स्टूल भक्कम आहे हो," म्हातारी त्यांनाच समजावू लागली, "माझाच तोल गेला."