एकोणीस महिने प्रभारी

सॉल्वेग : वेंडेल, पुढे जातोयस तू. साखळीला पोट आलंय, बघ मागे वळून.

वेंडेल : मी आहे त्याच वेगात आहे. तू मागे पडतेयस.

सॉल्वेग : ताशी पाच मैल ठरलं होतं आपलं.

वेंडेल : पाचवरच आहे काटा. पण संचालकबाई म्हणतायत म्हटल्यावर साडेचार करतो. हुकूम म्हणजे हुकूम.

सॉल्वेग : सकाळपासून हे सातव्यांदा.

वेंडेल : मोजतेयस? बरं आहे. संचालकाला मोजता आलं पाहिजे.

(उत्तर डाकोटातलं गवताळ रान, जूनमधली सकाळ. दोन उघड्या गाड्या आणि मध्ये पन्नास मीटरची लोखंडी साखळी. ती गवतावरून ओढत न्यायची, घरट्यावरची बदकीण उडाली की थांबायचं, अंडी बघायची, पुढे निघायचं. इथल्या सरकारी वन्यजीव संशोधन केंद्रात हे काम चाळीस वर्षं असंच चालत आलंय. वेंडेल आणि सॉल्वेग हे नवराबायको तिथलेच शास्त्रज्ञ; आज साखळीच्या एका टोकाला तो, दुसऱ्याला ती. इंजिनांच्या घरघरीत हाक पोचत नाही, म्हणून बोलणं वॉकीटॉकीवरून. बाकी घरातही ही दोघं काल संध्याकाळपासून एवढ्याच अंतरावरून बोलतायत.)

सॉल्वेग : काल डेन्व्हरच्या मुख्य कचेरीतून मला संचालकपद देऊ करणारा फोन आल्यापासून तू एक वाक्य सरळ बोललेला नाहीस.

वेंडेल : अभिनंदन केलं की.

सॉल्वेग : "वा, छान, मी कचरा बाहेर ठेवून येतो." हे अभिनंदन?

वेंडेल : गुरुवार होता. गुरुवारी कचरा ठेवावाच लागतो.

सॉल्वेग : पाऊण तास?

वेंडेल : डबा जड होता.

सॉल्वेग : थांब, थांब! उडाली! माझ्या बाजूला, त्या वाकड्या कुंपणाजवळ. नीलपंखी बदक आहे. मी उतरते.

वेंडेल : किती?

सॉल्वेग : दहा. गरम आहेत. एक अंडं किती दिवसांचं ते नळीतून बघते... हं. बारा दिवसांचं.

वेंडेल : चौदा असेल.

सॉल्वेग : अंडं माझ्या हातात आहे, वेंडेल.

वेंडेल : नळीचं तोंड नीट उन्हाकडे धरलंयस ना? ढग आला की हमखास चुकतं. तुझं मागेही एकदा...

सॉल्वेग : मागे म्हणजे अठ्ठ्याण्णव साली. सव्वीस वर्षं मी अंड्यांतच बघतेय. बारा लिही.

वेंडेल : लिहितो. बारा. तुझ्या जबाबदारीवर.

सॉल्वेग : खुणेची काठी रोवली, उत्तरेला चार मीटरवर. बसले मी गाडीत. चल.

वेंडेल : एक विचारू? नवरा म्हणून विचारतोय.

सॉल्वेग : सहकारी म्हणून विचार. नवरा म्हणून तू आज बरा वागत नाहीयेस.

वेंडेल : झेपणार आहे का तुला ते? तुला बैठका सोसत नाहीत. दहाव्या मिनिटाला कागदावर बदकं काढायला लागतेस. एकोणीस महिने मी तो गाडा ओढलाय. प्रभारी म्हणून! दारावर पाटीसुद्धा नाही. शेतकरी संघटनेच्या शिव्या खाल्ल्या, वॉशिंग्टनहून येणाऱ्या पोरांना तळं आणि डबकं यातला फरक समजावला. तेव्हा तू इथे वारा खात घरटी मोजत होतीस.

सॉल्वेग : कारण तू मला इथे पाठवलंस. "ऑफिसात दोघं कशाला?" हे कोण म्हणालं होतं?

वेंडेल : तुझ्या भल्यासाठी म्हटलं. तुला मोकळं रान आवडतं.

सॉल्वेग : मला खुर्चीही आवडली असती. विचारलं नाहीस कधी.

वेंडेल : बरं, घे मग खुर्ची. माझं काय व्हायचं ते होईल.

सॉल्वेग : तेच, तेच तर मानेवर बसलंय माझ्या! खरंच काही मार्ग नाही त्या नियमातून?

वेंडेल : नवरा बायकोच्या हाताखाली काम करू शकत नाही. सरकारी नियम आहे, मी नाही केला. तू हो म्हणालीस की मी बाहेर. अलास्का देतील, नाहीतर लुइझियानाची दलदल. अठ्ठावन्नाव्या वर्षी मगरी मोजीन.

सॉल्वेग : तू चौकशी केली होतीस ना नीट?

वेंडेल : केली होती. सांगितलं ना तुला जेवताना.

सॉल्वेग : म्हणून मी पहाटे उठून नकार लिहिलाय. खिशात आहे. उत्तराची मुदत डेन्व्हरच्या बारापर्यंत, म्हणजे आपला एक. त्याआधी टेकडीवर जाईन, फोन लागला की वाचून दाखवीन. मला तुझ्याशिवाय ते केंद्र नको, वेंडेल. पण ते सोडणं मला जड जातंय, हेही सांगून ठेवते.

वेंडेल : निर्णय तुझा आहे. मी काही म्हणणार नाही.

सॉल्वेग : काहीच नाही?

वेंडेल : म्हणजे... तुला तसं वाटत असेल, तर शहाणपणाचं तेच आहे.

अर्डिस : अं... केंद्रातून अर्डिस बोलतेय. माफ करा हं दोघं. तुम्ही एक नंबरच्या चॅनेलवर आहात.

वेंडेल : काय?

अर्डिस : एक नंबर. इथे टपालखोलीतल्या स्पीकरवरून सगळं ऐकू येतंय. कचऱ्याच्या डब्यापासून.

सॉल्वेग : अरे देवा. कोण कोण आहे तिथे?

अर्डिस : मी, प्रयोगशाळेतले दोघं, आणि पंप दुरुस्त करायला आलेला माणूस. तो पाना हातात घेऊन नुसताच उभा आहे.

वेंडेल : सॉल्वेग, चार नंबरवर जाऊ. अर्डिस, तू ठेव.

अर्डिस : ठेवते, ठेवते. आधी एकच विचारायचं होतं. वेंडेल, त्या नियमाच्या चौकशीचं उत्तर तुला मिळालं ना रे?

वेंडेल : मिळालं. ठेव तू.

अर्डिस : नाही, आत्ता तू अलास्का म्हणालास म्हणून विचारलं. मला वाटलं, माझ्या हातून पत्र कुठे गहाळ झालं की काय. तुझ्या टेबलावर ठेवलं होतं मी, गेल्या महिन्याच्या अकरा तारखेला. सकाळी.

सॉल्वेग : कसलं पत्र, अर्डिस?

अर्डिस : एकतीस वर्षं मी या खुर्चीत आहे, सॉल्वेग. चार संचालक पाहिले, कुणाच्या कागदावर कधी तोंड उघडलं नाही.

सॉल्वेग : अर्डिस.

अर्डिस : तो इथेच राहू शकतो. त्याच्या कागदांवर सही डेन्व्हरची घ्यायची, बाकी सगळं आहे तसंच. दोन ओळींचं पत्र होतं. टपाल मीच उघडते ना. आता ठेवते हं. नव्या संचालकासाठी रुबार्बचा केक केलाय, त्यावर नाव घातलं नाही अजून.

सॉल्वेग : वेंडेल. चार नंबर.

वेंडेल : आलो.

सॉल्वेग : गाडी बंद कर.

वेंडेल : केली.

सॉल्वेग : अकरा तारीख म्हणजे बावीस दिवस झाले. बावीस दिवस तू माझ्यासमोर बसून सकाळची कॉफी प्यायलास.

वेंडेल : सांगणार होतो.

सॉल्वेग : कधी? मी फोन ठेवल्यावर?

वेंडेल : अकरा तारखेला वाटलं, सांगायची वेळच येणार नाही. जागा मलाच मिळणार होती. सगळे तसंच धरून चालले होते. तूसुद्धा.

सॉल्वेग : मी नाही.

वेंडेल : नाही?

सॉल्वेग : नाही. तू बोल आधी. काल रात्री का नाही सांगितलंस?

वेंडेल : काल तुझा फोन वाजला तेव्हा मी मोरीपाशी भांडी विसळत होतो. तू त्यांचं नाव घेतलंस आणि मला वाटलं, चुकून तुझा नंबर लागला त्यांच्याकडून. मी हात पुसले, सॉल्वेग. फोन घ्यायला हात पुढे केला होता मी. तू पाहिलं नाहीस.

सॉल्वेग : पाहिलं.

वेंडेल : जळफळाट झाला माझा. दुसरा शब्द नाही त्याला. परक्या कुणाला मिळाली असती जागा, तर दोन दिवस शिव्या घातल्या असत्या आणि विसरलो असतो. पण तू! रोज रात्री शेजारी, रोज सकाळी समोर. जायचं कुठे माणसानं?

सॉल्वेग : मुलाखतीची तयारी तूच करून घेतलीस माझी. चार रविवार. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे हा.

वेंडेल : तुला मिळणार नाही अशी खात्री होती. हरणाऱ्याला शिकवायला काय जातंय?

सॉल्वेग : हरणाऱ्याला.

वेंडेल : तेव्हा तसंच वाटत होतं.

सॉल्वेग : हे तू आज बोलायला नको होतंस. पत्रापेक्षा हे वाईट.

वेंडेल : खरं ते बोललो.

सॉल्वेग : मग माझंही खरं ऐक. मला हवी होती ती जागा. तू प्रभारी झालास त्या दिवसापासून हवी होती. सव्वीस वर्षं प्रत्येक शोधनिबंधावर तुझं नाव आधी आणि माझं मागून. घरटी मी शोधायची, व्यासपीठावर तू जायचं. तू घरी येऊन बैठकीतलं सांगायचास आणि मी मनात म्हणायचे, हा चुकतोय, मी असते तर असं केलं नसतं. जळफळाट काय तुझ्या एकट्याच्या मालकीचा आहे?

वेंडेल : मुलाखतीत माझ्याबद्दल विचारलं त्यांनी?

सॉल्वेग : विचारलं.

वेंडेल : काय म्हणालीस?

सॉल्वेग : उत्तम शास्त्रज्ञ आहे म्हणाले.

वेंडेल : बस?

सॉल्वेग : मग त्यांनी विचारलं, उत्तम संचालक आहे का?

वेंडेल : आणि?

सॉल्वेग : मी पाणी प्यायले.

वेंडेल : पाणी?

सॉल्वेग : समोर ग्लास होता. संपेपर्यंत प्यायले. तोवर त्यांनी पुढचा प्रश्न काढला.

वेंडेल : वा! नवऱ्याला एका ग्लासात बुडवलंस.

सॉल्वेग : हो. त्याची लाज वाटत होती म्हणूनच पहाटे तो नकार लिहिला. सगळं तुझ्या प्रेमापोटी नव्हतं. साखळी सोडतेय मी माझ्या बाजूची. टेकडीवर जाते.

वेंडेल : तो नकारच वाचणार?

सॉल्वेग : रेडिओ सीटवर ठेवून जातेय. बोलू नकोस.

वेंडेल : सॉल्वेग? ... ऐकू येतंय का? ... तू दिसतेयस इथून. टेकडीवर उभी आहेस, टोपी वाऱ्यानं उडायला आलीय, धर ती. ... ती नीलपंखी परत बसली घरट्यावर. पाहिलं मी. ... तू हातवारे करतेयस म्हणजे फोन लागला. ... सॉल्वेग, मला अजूनही वाटतंय की तू नाही म्हणावंस. आत्ता, या क्षणालासुद्धा. लाज वाटतेय, पण वाटतंय. ... हसलीस तू. एवढ्या लांबूनही कळतं मला. नाही म्हणताना कुणी असं हसत नाही. ... बरं.

सॉल्वेग : आले मी.

वेंडेल : झालं?

सॉल्वेग : मी हो म्हणाले. एक तारखेपासून.

वेंडेल : हं.

सॉल्वेग : आज तू वरच्या खोलीत झोप. आणि त्या बावीस दिवसांबद्दल मी अजून बोललेली नाही, हे लक्षात ठेव. बोलणार आहे.

वेंडेल : बोल. पण अभिनंदन आज जमत नाहीये. प्रयत्न करून पाहिला.

सॉल्वेग : राहू दे. आज मला ते तुझ्याकडून नकोच आहे.

वेंडेल : एक विचारू?

सॉल्वेग : विचार.

वेंडेल : दोन नंबरला कोण होतं, ते विचारलंस त्यांना?

सॉल्वेग : विचारलं.

वेंडेल : कोण?

सॉल्वेग : तूच.

वेंडेल : असलं काही ते कधी कुणाला सांगत नाहीत, सॉल्वेग. एकोणीस महिने उमेदवारांच्या असल्या प्रश्नांना मीच उत्तरं देत होतो, मला माहीत आहे.

सॉल्वेग : मला सांगितलं.

वेंडेल : किती गुणांनी गेलो?

सॉल्वेग : एका.