आधी चांगला पाय

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची थोर डॉक्टर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आमचे प्रोफेसरसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब आणि समोरच्या विद्यार्थी मुलामुलींनो,

सुरुवातीलाच माफी मागतो. भाषण आधी लिहून द्या, आम्ही एकदा नजर टाकू, असं कार्यक्रम बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ते माझं आत्ता, हारतुरे चालू असताना, पुरं झालं. अर्धवट शाळेचा माणूस मी, लिहायचं आणि फाडायचं. त्यामुळे नजर टाकायची राहिली. सांभाळून घ्या.

मी कोण, हे नव्या मुलांना सांगायला हवं. मी रंगारी. तरुणपणी शिडीवरून पडलो आणि डाव्या गुडघ्याच्या आतला दोर तुटला. तेव्हापासून मी तुमच्या परीक्षेचा पेशंट. मी पाठीवर झोपून गुडघा दुमडायचा, विद्यार्थ्याने पावलावर अलगद टेकायचं आणि दोन्ही हातांनी नडगी पुढे ओढायची. चांगला पाय जागचा हलत नाही. माझा डावा टेबलाच्या खणासारखा सरकत पुढे येतो. साहेब कौतुकाने म्हणायचे, "असा गुडघा पुस्तकातही सापडायचा नाही." आमची ही म्हणायची, "गुडघा प्रोफेसर झाला, मालक मात्र रंगारीसुद्धा राहिले नाहीत."

साहेबांची शिकवण अशी, की आधी चांगला पाय तपासा, मग दुखरा. नाहीतर काय बिघडलंय ते कळणार कसं? मीही त्याच क्रमाने जातो.

साहेब हात चोळून गरम केल्याशिवाय पेशंटला हात लावत नसत. एका मुलाने न विचारता माझं पांघरूण ओढलं, तर त्याला वर्गाबाहेर काढला. "आधी विचार. पाय त्यांचा आहे, तुझा नाही." हिच्या शेवटच्या दुखण्यात साहेब घरी आले, मोडक्या स्टुलावर बसले, कोरा चहा घेतला. हे कोण करतं? मी तर म्हणायचो, रक्ताचा नाही, पण भाऊ आहे.

हा झाला चांगला पाय.

मागच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. एका मुलीने माझा गुडघा बरोबर ओळखला. त्यांनी उपचार विचारला. ती म्हणाली, तरुणपणीच ऑपरेशन करून नवा दोर बसवता आला असता, ते तेव्हाही होत होतं. परीक्षकांनी साहेबांकडे बघितलं. "मग केलं का नाही?"

साहेब म्हणाले, "पेशंट वॉज नॉट विलिंग."

इतक्या परीक्षा झोपून दिल्यावर एवढं इंग्रजी मलाही कळतं, साहेब. पेशंट तयार नव्हता. मला कुणी विचारलं होतं? मीच तुम्हाला विचारलं होतं, "साहेब, याला काही इलाज?" तुम्ही म्हणालात, "आहे तो जपा, शिडी सोडा." मी शिडी सोडली. दुकानात बसून दुसऱ्यांना रंग कालवून दिले. हिने शिलाई करून घर ओढलं. एकदा विचारलं असतंत, तर गुडघ्याला बाशिंग बांधून आलो असतो.

पुढचा मुलगा आला. "आजोबा, पाय सैल सोडा." मी सोडायला बघत होतो, सुटेना. त्याने ओढून पाहिलं आणि म्हणाला, "सर, नॉर्मल वाटतो." साहेबांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "काय हो, आज काय झालं? नेहमीसारखा सोडा की." माणूस धास्तावला की मांडीमागचे स्नायू आवळतात आणि तुटलेला दोर लपून राहतो, हे साहेबांनीच शिकवलेलं. तो मुलगा नापास झाला असेल का, या विचाराने डोळ्याला डोळा लागत नाही. तो इथे असेल तर त्याने ऐकावं, बाळा, तुझा हात चुकला नव्हता.

माझ्या मनात सारखं येतं, साहेबांनी विचारलं असेल, मीच घाबरून नको म्हणालो असेन आणि विसरलो असेन. म्हाताऱ्याचा काय भरवसा? तसं असेल तर याच सभागृहात सगळ्यांसमोर साहेबांचे पाय धरीन. पण तसं नसेल, तर माझा गुडघा बरा झाला तर वर्गाला असा दुसरा मिळणार नाही, म्हणून विचारलं नाही का, एवढंच मला कळायला हवं.

बोलायची संधी दिलीत, उपकार झाले. वहिनीसाहेब, आजच्या दिवशी असं बोललो, मन दुखावलं असेल तर म्हातारा म्हणून पदरात घ्या.

साहेब, आत्ता उत्तर देऊ नका, गळ्यात हार आहे. पण लवकर निरोप पाठवा. घर तुम्हाला माहीत आहे, स्टूलही तेच आहे. तुमच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी पुढच्या परीक्षेला बोलावलंय, मुलांसाठी मी जाईन, टेबलावर आडवाही होईन. मात्र तुमच्याकडून काही कळेपर्यंत पाय सैल सुटेल, असं मला वाटत नाही.