काकाची पाचवी गोळी

ए, हस नंतर, आधी ऐक! आत्ता, तासाभरापूर्वी, नेमबाजीच्या रेंजवर... काकाची रायफल माहितीय ना? काका जाऊन दोन वर्षं झाली, तीच घेऊन उद्या मी निवड चाचणीला उतरणार, तिसरं वर्ष हे, उद्या हुकलं की नाव कटच! आणि मी दीडशहाणीने महिन्यापूर्वी काय केलं? तिचा गॅसचा भाग बदलला! धक्का कमी बसावा म्हणून. धक्का झाला कमी, नेम गेला बोंबलत! गोळ्या विखरून डावीकडे, जणू शेजारच्या टार्गेटशी सोयरीक जुळवायचीय!

बंदुकीचे मिस्त्री म्हणाले, "पोरी, नळी हलते." म्हटलं, लोखंडाची नळी, हलते कशी? "गोळी आत असतानाच दारू जळून झालेला थोडा गॅस नळीच्या भोकातून मागे जातो, यंत्राला ढकलतो. नळी थरथरते, गळाच्या काठीसारखी. तू गॅस बदललास, थरथर बदलली, नेम बदलला." म्हटलं, मग काकाचा जुना भाग बसवा, विषय संपला!

कसला संपतोय...

आमच्याकडे रायफलच्या पेटीत मालकाचा शेवटचा टार्गेटचा कागद ठेवतात. काकाच्या कागदावर चारच भोकं. पाचवीच्या आधी तो म्हणाला, "थांबा, नळी हलतेय," रायफल हळूच खाली ठेवली आणि तिथेच चटईवर डोकं टेकलं. हार्ट.

आज जुना भाग बसवून मी चार मारल्या, तेवढ्यात रेंज थांबवायची घंटा झाली. कागद आणला, सहज काकाच्या कागदावर ठेवून खिडकीशी धरला... चारही भोकांतून उजेड आरपार! केसाचा फरक नाही गं! मिस्त्री म्हणतात, "तोच गॅस, तीच नळी, त्यात काय एवढं? नळी हलते." नळीचं सोड, आवाज त्यांचाच हलत होता!

कागद परत लावला. चटईवर आडवी झाले, चापावर बोट... आणि नळी हलतेय! अगं गोळी सुटलीच नाही, गॅस कुठला, धक्का कुठला? पण गालाला स्पष्ट कळतंय! आणि माझ्या तोंडून आपोआप, "थांबा..."

"पुढचं बोलू नकोस!" मिस्त्री ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

काडतूस काढलं, पेटी बंद केली, तडक तुझ्याकडे.

आता बोल. नवा भाग बसवला तर नेम गेला, निवड गेली. जुना ठेवला तर चार गोळ्या काका बघून घेईल, फर्स्ट क्लास मारेल... पण मारायच्या पाच असतात गं! जाऊ दे, जुनाच ठेवलाय. माझ्या जागी तू असतीस, तर मारली असतीस पाचवी?