वरचा रुपया

माझं नाव गुलाब, पण निमगाव केतकीत मला स्पीकरवाला गुलाबभाई म्हणूनच वळखत्यात. आमी हितलेच, आज्या-पणज्यापासनं. बाप बाजारात बांगड्या इकायचा. मला वायरींचा नाद, म्हणून बारामतीत एका दुकानात स्पीकरच्या मशीनची दुरुस्ती शिकलो, मग एक मशीन, दोन कर्णे आन् बॅटरी घेऊन लग्नं करत सुटलो. हिंदूंची केली, आमच्या लोकांची केली, मंगलाष्टकाला माईक धरायचा आन् जेवणं सुरू झाली की आहेर पुकारायचा. अमक्याकडून एकावन्न, तमक्याकडून एकशे एक, आभारी आहे. अकरा रुपयेवाली म्हातारी आसू दे न्हायतर पाचशे एकवाला बागायतदार, आवाज एकच ठेवायचा, एवढं एक मी पाळलं.

आता काय सांगू तुमाला, आहेराची पण एक रीत आसती. नुसते शंभर कुणी घालत न्हाय, वर एक रुपया पायजेच. वरचा रुपया म्हंजे येणं-जाणं चालू राहू दे. आन् फेडताना घेतलं त्यापेक्षा चार पैसे जास्त घालायचे, आपल्याला एकावन्न आले तर आपण एकशे एक घालायचे. जेवढ्यास तेवढं परत केलं की माणसं समजत्यात, ह्यानं खातं मिटवलं, आता ह्याचा आपला संबंध न्हाय. लई भांडणं झाली बघा त्यावरनं, सख्खे साडू बोलायचे बंद झालेले मी बघितल्यात.

तर आता बिरूआबाचं सांगतो. आमच्या गावाबाहेर वस्ती हाय त्याची. बापाची मेंढरं होती, बिरूआबानं ती इकून थोडी जमीन केली. माझ्यापेक्षा धा-बारा वर्सानं मोठा, पण आमचं लई जमायचं. त्याला एकच लेक, अलका. लई नवसानं झालेली. किल्लारीचा भूकंप झाला ना, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, नवरा लोणी देवकरला फॅक्टरीत. त्या लग्नात मीच माईकवर होतो. आख्ख्या पंचक्रोशीनं आहेर केला, कारण बिरूआबा कुणाच्या दारात नडीला धावून गेला न्हाय आसं एक घर न्हवतं. मी पण एकशे एक घातले, आन् सवताचं नाव सवताच पुकारलं, तर अलका तिकडं पाटावर बसल्या बसल्या खुदकन हासली. ते हासणं अजून दिसतंय मला.

पुढल्याच्या पुढल्या वर्सी बाळंतपणात गेली ती. जीपमधनं इंदापूरला नेत होते, रगत थांबंना, वाटंतच गेली, बाळ पण गेलं. बिरूआबा रडला न्हाय. बायकू, पारूबाई, ती रडून रडून आडवी झाली, पण हा आपला दावणीच्या बैलाकडं बघत बसायचा.

मग त्यानं काय चालू केलं, तर अलकाच्या लग्नाचा आहेर फेडायचा. कुणी काय घातलं ते पारूबाईला तोंडपाठ. ज्याच्या घरी लग्न निघंल तितं जायाचा, त्यानं जेवढं घातलं तेवढंच घालायचा, वर काय न्हाय, आन् न जेवता निघायचा. मी माईकवर पुकारतोय आन् मला कळतंय की हा मिटवत चाललाय. माणसं बोलाय लागली, बिरूला काय झालं, आमी काय वाकडं केलं त्याचं. लासुर्ण्याच्या एका लग्नात मी माईक ठिवला आन् त्याच्यामागं गेलो. म्हणलं आबा, आसं का करताय, लोकांना लागतंय. तर म्हणला, गुलाब, माझ्या दारात आता मांडव पडायचा न्हाय. मी वाढवून घातलं तर ती माणसं फेडणार कुठं? त्यांच्या डोक्याव कशाला भार ठेवू? मी मागं फिरलो आन् परत माईक धरला.

मग आमच्या मुमताजचं लग्न निघालं. घरात माझी बायकू म्हणली, बिरूआबा तुमचं पण मिटवणार बघा. लग्नादिवशी आला तो, पारूबाईला घेऊन. माईकवर लासुर्ण्याचा दुसरा एकजण बसवला होता, मी नवरीचा बाप म्हणून शेजारी आहेर घेत होतो. बिरूआबानं माझ्या हातात पैसे ठिवले. एकशे एक. मी म्हणलो, आबा, एक तरी वाढवा. त्यो म्हणला, कशाला रं, फेडशील कुठं? मी म्हणलो, ते माझं मी बघीन. त्यानं नुसती मान हालवली आन् वळला.

तेवढ्यात पारूबाई पुढं आली. चार गड्यांत कधी तोंड वर न करणारी बाई, तिनं पदराची गाठ सोडली, रुपया काढला आन् माझ्या तळहातावर ठिवला. म्हणली, भाऊ, आमच्या दारात मांडव न्हाय पडायचा, पण मुमताजच्या घरी पाळणा तर हालंल? तवा मला बोलवा. झाली फेड.

माईकवाल्यानं पुकारलं, एकशे दोन. पंगतीत पोरी फिदीफिदी हासल्या, कारण एकशे दोन आसा आहेर कुणी घालत आसतंय का. बिरूआबा मांडवाबाहेर गेला, पाण्याच्या टाकीमागं जाऊन खाली बसला आन् मोठ्यानं रडला. मी गेलो, शेजारी बसलो, हात धरला. दुसरं काय करणार?

आता ह्याला वरीस झालं. बिरूआबा लग्नाला जात न्हाय कुठं, मी पण चला म्हणत न्हाय. पण मुमताज माहेराला आली आन् परत निघाली की ह्याला कुठनं कळतं कुणास ठाऊक, यष्टी स्टँडवर आमच्या आधी येऊन हुबा. तिची पिशवी वर देतो, खिडकीपाशी जागा बघतो, आन् म्हणतो, बाई, पोचल्याचा सांगावा धाड. यष्टी निघून जाती, धुराळा बसतो, तरी हा तितंच. मी म्हणतो, चला आबा, ऊन झालं. तर म्हणतो, थांब रं, तिला जरा लांब जाऊ दे.

मग थांबतो मी पण. अल्ला म्हणा, बिरोबा म्हणा, लेकी जितं नांदत्यात तितं त्यांना सुखरूप ठेव, एवढंच मागणं हाय. आमचं काय, आमी हितंच हाय.