पाचची धार

पाच वाजले तशी कोल्हापूर स्टँडच्या बाकावरची म्हातारी उठायला लागली. सुनेनं तिला खाली बसवलं. पलीकडच्या बाईनं विचारलं,

“आज्जी कुठं निघाल्या वो?”

“धार काढाय. म्हशी इकून सात वर्सं झाली, पर ध्यानात न्हाय. मालवणला समुद्र दाखवाय न्हेलतं, तिथं बी रोज ह्येच.”

“मग काय केलासा?”

“लॉजमागं एकाची म्हस हुती. त्येला सांगून चार दिवस सासूबाईंनीच धार काढली.”

“आन समुद्र?”

“बघितला की. म्हणाल्या, एवढं पाणी, आन धुवाय एक म्हस न्हाय.”

“तुमास्नी वळखत्यात?”

“न्हाय. पर पहिला पेला माझ्याच हातात द्यायच्या. ‘कुणाची गं तू? बरं, असू दे. पी.’”