भासऱ्याचे पाय

पुष्पा : नाही म्हटलं ना मी, पास्टरसाहेब. बाकी कोणाचेही पाय द्या. बोरगावचा तो म्हातारा दिवसभर संत्र्याच्या बगिच्यात अनवाणी चिखल तुडवते, त्याचे धुते मी. विनायकरावाचे नाही धुणार.

पास्टर : पुष्पाताई, उपासनेला जेमतेम एक तास राहिला आहे. पवित्र गुरुवारी मंडळीतल्या प्रत्येकानं दुसऱ्या कुणाचे तरी पाय धुवायचे, हे ठरलं तेव्हा तुम्हीही होतात. रविवारी सर्वांसमोर प्रार्थना करून चिठ्ठ्या काढल्या. चार दिवस तुम्ही काही बोलला नाहीत.

पुष्पा : चार दिवस मनाले समजावून पाह्यलं. नाही ऐकत. आज पांढुर्ण्याहून सौसरले येता येता बसमध्ये मले उलटीसारखं झालं.

पास्टर : हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, ताई. हे आज्ञापालन आहे. प्रभूनं त्या शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही, हे विसरू नका.

पुष्पा : यहूदाले मागून लाज तरी वाटली. आमचे भासरे बावीस वर्षांपासून पहिल्या बाकावर बसून राहिले.

पास्टर : भासरे म्हणजे विनायकराव तुमचे...?

पुष्पा : नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ. तुम्हाले हेही नाही सांगतलं कोणी?

पास्टर : मला इथं येऊन आठच महिने झाले. पण ताई, तुम्ही तर नर्स होतात. तुम्हाला किळस येते हे मला पटत नाही.

पुष्पा : एकतीस वर्षं दवाखान्यात काढली. किडे पडलेल्या जखमा धुतल्या, पू काढला, अन् हात धुऊन लगेच डबा खाल्ला. घास कधी अडकला नाही. अन् या माणसाचे मोजे पाह्यले तरी किळस येते मले.

पास्टर : काही घरचं जुनं भांडण आहे का? वाटणीचं वगैरे?

पुष्पा : वाटणीचं असतं तं कधीच मिटलं असतं. माह्या नवऱ्याले या देवळात प्रभुभोजन कसं भेटत होतं, ते विचारा कोणाले.

पास्टर : जयवंतराव ना? ते दीर्घ आजारानं वारले, एवढंच मी ऐकलंय.

पुष्पा : आजाराचं नाव नाहीच घेणार कोणी. एड्स होता. ट्रकवर होते, पांढुर्ण्याहून संत्रा भरून दिल्लीले जात. तिथून ते काय घेऊन आले ते मी त्याहिच्या तोंडावर म्हटलं, त्याहिनं मान खाली घालून ऐकलं. मी माफ केलं का नाही, ते माह्या घरचं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून इथं यायचे. अंगात हाडं राहिली होती फक्त. अन् प्रभुभोजनात आपल्याकडे द्राक्षरसाचा एकच प्याला फिरते सगळ्यांत.

पास्टर : हो. अजूनही तोच आहे.

पुष्पा : भासरे तवा कमिटीचे सेक्रेटरी. त्याहिनं ठराव आणला की देवाच्या मेजाचा मान राहिला पाहिजे. जयवंतानं प्याल्याले तोंड लावायचं नाही. मी कमिटीत जाऊन सांगतलं, प्याल्यानं हा आजार होत नाही, माहं रोजचं काम आहे हे. तं मले म्हणे, बाईनं मंडळीत चूप राहावं, देवाची आज्ञा आहे.

पास्टर : मग?

पुष्पा : मंग खोकल्याच्या औषधाचं झाकण. त्याच्यात ओतला द्राक्षरस. प्लास्टिकचं झाकण, पाच एमएल, दहा एमएलच्या रेघा असलेलं. पाचच्या रेघेपर्यंत भरलं, अन् हातात नाही दिलं, बाकावर ठेवलं. माही करुणा नऊ वर्षांची. ती मोठ्यानं म्हणे, आई, बाबाले औषध देऊन राहिले का? सगळी मंडळी खाली पाहत होती. एकानं वर नाही पाह्यलं.

पास्टर : आणि त्यांनी ते घेतलं?

पुष्पा : घेतलं. आमेनही म्हटलं. घरी आल्यावर मी भांडली, फेकून काऊन नाही दिलं तोंडावर? तं म्हणे, प्रभूचं रक्त आहे पुष्पा, झाकणात आहे म्हून काय थुंकून देऊ? ते जाईपर्यंत अकरा महिने असंच चाललं. उपासना झाली की भासरे ते झाकण कागदात धरून उचलत अन् मागच्या कचऱ्यात टाकत. दर महिन्याले नवीन झाकण. अन् मंग येऊन सगळ्यांत मोठ्या आवाजात प्रार्थना करत. तो आवाज अजून ऐकते मी दर रविवारी.

पास्टर : ताई, एक सुचवू? दवाखान्यात घालायचात तसे हातमोजे घाला. मी लोकांना समजावून सांगतो.

पुष्पा : हे काय सुचवून राहिले तुम्ही? त्याहिनं झाकण दिलं, आता मी हातमोजे घालू? शोभते का तुमच्या तोंडाले?

पास्टर : चुकलं माझं. मग त्यांचे पाय मी धुतो. तुम्ही शांतपणे बसा.

पुष्पा : कुठं बसू? ज्यानं आपल्या वाट्याचे पाय धुतले नाही त्यानं प्याल्याजवळ येऊ नये, असं रविवारी कोण म्हटलं?

पास्टर : ते मी... लोकांनी हा विधी हसण्यावारी नेऊ नये म्हणून म्हणालो. त्याचं गांभीर्य राहावं म्हणून.

पुष्पा : मान राहावा म्हून. बोला ना तसंच. मी ऐकलं अन् मनात म्हटलं, आलं परत. तवा नवऱ्याले प्याला नाही, आता बायकोले नाही. वय काय तुमचं, अठ्ठावीस? एवढ्यात शिकले तुम्ही. खरं सांगू, त्या दिवशी तुमचीही किळस आली मले.

पास्टर : आता मलाही येतेय. मी ते शब्द मागे घेतो, ताई. आज सर्वांसमोर घेतो. तुम्ही पाय धुवा, न धुवा, प्याला तुमच्यापर्यंत येईल.

(विनायकराव काठी टेकत दारातून आत येतात. एका पायाला जाड पट्टी आहे.)

विनायकराव : पास्टरसाहेब, बरं झालं भेटले. माहं नाव काढून टाका त्या चिठ्ठीतून.

पास्टर : का हो? पायाला काय झालं?

विनायकराव : शुगर. नागपूरले दोन बोटं कापली. घाव भरूनच नाही राहिला, वास येते. सुनेनं माही खाट मागच्या छपरीत टाकली, ताटही दुरून सरकवते. इथं सगळ्यांसमोर पट्टी सोडली तं लोकं नाकाले रुमाल लावतील. देवाच्या घराचा मान राहिला पाहिजे.

पुष्पा : अजून मानच धरून बसले तुम्ही.

विनायकराव : कोण, पुष्पा? नजर गेली माही, दिसलं नाही.

पुष्पा : मीच आहे. तुमचे पाय माह्या वाट्याले आले.

विनायकराव : मालूम आहे. म्हून तं नाव काढा म्हटलं. तो कमिटीचा ठराव होता, पुष्पा. मी एकटा नव्हतो.

पुष्पा : झाकणं कोणाच्या घरून येत होती, भाऊजी? कमिटीच्या?

विनायकराव : लोकं भेत होते तवा. तुले काय सांगू.

पुष्पा : झाकणं विचारून राहिली मी.

विनायकराव : ...माह्या घरून. मीच आणत होतो.

पुष्पा : बसा इथं.

पास्टर : ताई, सक्ती नाही. मी आत्ताच तुम्हाला...

पुष्पा : तुम्ही मधात नका पडू. तुमच्या सांगण्यानं नाही करून राहिली. अन् याहिच्यासाठी तं बिलकुल नाही. भाऊजी, नीट ऐका. मी तुम्हाले माफ केलं असं समजू नका. किळस येऊनच राहिली मले. घावाची नाही, तुमची. ज्या प्रभूनं धुवायले सांगतलं, त्यानं मन लागलं तं धुवा असं नाही म्हटलं. म्हून धुवून राहिली.

विनायकराव : मंडळी येईल आता. निदान मागच्या खोलीत घे मले.

पुष्पा : नाही. पहिल्या बाकावरच बसा. येऊ द्या सगळ्यांले, पाहू द्या. पास्टरसाहेब, ती बादली इकडे सरकवा अन् साफ कपडा द्या. घाव पाण्यात बुडवायचा नसते, बाजूबाजूनं धुते मी. पट्टी चिकटली दिसते. दुखलं तं सांगा.

विनायकराव : दुखत नाही.

पुष्पा : पाणी जास्त गरम आहे का?

विनायकराव : समजत नाही मले. पायाले काही लागतच नाही आता.

पुष्पा : थांबा मंग. मी हात घालून पाहते.